दिनविशेष : २२ नोव्हेंबर
८४५ : बालोंच्या दलदलीत फ्रँक राजाचा पराभव

ब्रिटनी म्हणजे ब्रिटन नव्हे. फ्रान्सच्या वायव्येला समुद्रात घुसलेला हा मुलूख. फ्रँक सम्राट पहिल्या लुईने ८३१ मध्ये त्याचा कारभार नोमिनोए या ब्रेटन सरदाराकडे सोपवला. लुई हयात असेपर्यंत नोमिनोए एकनिष्ठ राहिला. ८४० मध्ये लुई वारला, मुलगे वारशासाठी एकमेकांच्या उरावर बसले आणि नोमिनोएने ८४३ मध्ये बंड पुकारले. लुईचा धाकटा मुलगा चार्ल्स (इतिहासात तो ‘टकल्या’ म्हणूनच ओळखला जातो) अपुऱ्या सैन्यानिशी चालून आला. रदोंच्या मठाजवळ, बालों येथे गाठ पडली. आजूबाजूला नुसती पाणथळ जमीन, गुडघाभर चिखल. ब्रेटनांना त्यातल्या वाटा पाठ होत्या. फ्रँकांची दाणादाण उडाली. चार्ल्स कसाबसा ल मांला पोहोचला. तो मेल्याची वावडीही उठली होती! पुढच्या वर्षी त्याला तह करावा लागला.

नोमिनोए ८५१ च्या मार्चमध्ये मोहिमेवरच वारला. त्याच वर्षी २२ ऑगस्टला त्याचा मुलगा एरिस्पोए याने चार्ल्सला पुन्हा धूळ चारली आणि आंजेच्या तहात राजचिन्हांसह रेन व नांत ही शहरे पदरात पाडून घेतली.