शिंदी : बियांची सुप्तावस्था

(लॅ. फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, कुल – पामी). पुरेशी ओल आणि ऊब मिळूनही शिंदीचे बी लगेच रुजत नाही. काही आठवडे, कधी काही महिने ते तसेच पडून राहते. या थांबण्याला सुप्तावस्था म्हणतात. मराठवाड्यात शिंदी ओढ्याकाठी व पडीक रानात आपोआप वाढते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो आणि उन्हाळ्यात पारा 40° से.वर जातो, त्यामुळे जमिनीत पडलेले बी अनेकदा भिजते व सुकते. निजामी राजवटीत शिंदीचा रस हा अबकारी उत्पन्नाचा विषय होता. लिहिणाऱ्यांचे लक्षही बियांपेक्षा रसाकडेच अधिक गेले.

बीजरचना : फळात एकच बी. त्याच्या एका अंगाला उभी खोल खाच असते, तर पाठीवर लहानसा गोल ठिपका. या ठिपक्याखाली भ्रूण असतो व त्याच्या तोंडावर पातळ झाकण. बाकीचे बी शिंगासारख्या कठीण भ्रूणपोषाने भरलेले असते.

ओल : बाभूळ व बहावा यांच्या बियांचे आवरण पाणी आत घेत नाही, म्हणून त्या खरवडतात किंवा गरम पाण्यात टाकतात. शिंदीचे बी हाताला तितकेच टणक लागते, पण ती गत त्याची नाही. ताडकुलात (पामी) जलरोधक आवरणामुळे येणारी सुप्तावस्था आढळत नाही, असा निष्कर्ष बीजशास्त्रज्ञ कॅरल व जेरी बास्किन यांनी 2014 मध्ये मांडला. पाणी आत शिरते; अडते ते भ्रूणाचे बळ. भ्रूण लहान असतो, त्याला आतल्या आत वाढावे लागते आणि झाकण ढकलण्याइतका जोर यावा लागतो. हा भ्रूण अपूर्ण मानावा की केवळ लहान, यावर एकमत नाही.

सुकणे : याबाबत ताडकुलात मोठा फरक आहे. नारळ व सुपारी यांचे बी वाळले की मरते. बियाण्याच्या नारळातले पाणी आटू नये म्हणून तो सावलीत ठेवतात. खजूर-शिंदीच्या वर्गातील बी वाळवण सोसते. मसाडा (इझ्राएल) येथील उत्खननात मिळालेले सुमारे 2,000 वर्षांपूर्वीचे खजुराचे बी 2005 मध्ये पेरले असता रुजले. तेथील कोरडी हवा त्याला मानवली असावी.

सुकण्याने सुप्तावस्था मोडते का, याची ताडकुलातील सर्वांत तपशीलवार माहिती तेलमाडाची आहे, कारण त्यामागे मळ्यांचा पैसा आहे. त्याचे बी आधी सुमारे 18% ओलाव्यापर्यंत आणतात, 39–40° से. तापमानात 60 ते 80 दिवस ठेवतात आणि मग भिजवून ओलावा सुमारे 22% करतात. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत मोड दिसू लागतात. येथे काम करते ती उष्णता. ओलावा मात्र नेमका राखावा लागतो. फार कोरड्या बियांवर उष्णतेचा परिणाम नीट होत नाही, आणि फार ओले बी उष्णतेतच रुजू लागते. एका उन्हाळ्यात तापून पुढच्या पावसाळ्यात भिजणाऱ्या शिंदीच्या बियांची गोष्ट यासारखी वाटते. तेलमाडाचे आकडे तिला जसेच्या तसे लावणे मात्र योग्य नाही.

उघडीप : मृगाच्या सरीने भिजलेले बी पुढच्या उघडिपीत पुन्हा सुकले, तरी झाकण उघडण्यापूर्वी सहसा बिघडत नाही. मोड बाहेर पडल्यावर ही सोय संपते. काळ्या जमिनीचा वरचा थर लवकर वाळतो, म्हणून हाच काळ धोक्याचा. त्यावरचा उपाय रुजण्याच्या रीतीतच आहे : बीजपत्राचा नळीसारखा देठ बियातून निघून खाली जमिनीत शिरतो व कोंब खोल ओलीत नेऊन ठेवतो. ताडही असाच रुजतो.

लागवड : गर काढून, पाणी बदलत बी भिजवून पेरतात.

पहिले पान अखंड, भाल्यासारखे असते आणि गवताच्या पात्यातून चटकन ओळखू येत नाही.