लडलोचें तळघर

संपाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे साधनें बहुधा तीन ठिकाणीं सांपडतात : मालकांच्या दप्तरांत, सरकारी चौकशीच्या अहवालांत आणि मजूरसंघाच्या पत्रकांत. तिन्हींत टनांचे, मजुरीचे आणि मेलेल्यांचे आंकडे असतात. घरांत त्या दिवसांत काय चाललें होतें, हें क्वचितच असतें. घरच्या आठवणी इतिहासकारानें पुरावा म्हणून घ्याव्या कीं नाहीं, असा प्रश्न आम्हांस आमचे विद्यार्थी वारंवार विचारतात. त्या वेळीं आम्ही त्यांस लडलोची हकीकत सांगतों.

लडलो हें अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानाच्या दक्षिणेस ट्रिनिडाड शहराजवळचें एक लहानसें रेल्वे-स्टेशन. आसपासच्या कोळशाच्या खाणींत ग्रीक, इटालियन, मेक्सिकन, स्लाव्ह असे नाना देशांचे लोक राबत असत. सर्वांत मोठी कंपनी कोलोराडो फ्युएल अँड आयर्न. तिच्यावर ताबा रॉकफेलर घराण्याचा. राहतें घर कंपनीचें, दुकान कंपनीचें, वैद्यही कंपनीचाच. मजुरी मिळे ती काढलेल्या कोळशाच्या टनावर. छताला टेकू देणें, रूळ घालणें या कामाला दाम नाहीं, आणि वजन करणारा माणूस कंपनीचा! १९१० या एका वर्षांत तेथील तीन स्फोटांत दोनशेंवर माणसें मेलीं. संपवाल्यांच्या मागण्या आज वाचल्या तर नवल वाटतें. आठ तासांचा दिवस, वजनावर देखरेख ठेवणारा आपला माणूस, वाटेल त्या दुकानीं खरेदी करण्याची मोकळीक, यांपैकीं बऱ्याचशा गोष्टी संस्थानच्या कायद्यांत आधींच लिहिलेल्या होत्या. कायदा पाळला जावा म्हणून संप करावा लागला, असें म्हटलें तरी चालेल. मात्र मजूरसंघाला मान्यता द्यावी, ही मागणी मालकांना मुळींच मानवणारी नव्हती.

२३ सप्टेंबर १९१३ रोजीं संप सुरू झाला आणि कुटुंबांना कंपनीचीं घरें सोडावीं लागलीं. भर पावसांत गाड्यांवर भांडींकुंडीं, अंथरुणें आणि मुलें घालून लोक मजूरसंघानें भाड्यानें घेतलेल्या जमिनीवर आले. लडलोच्या तंबूंत सुमारें १२०० माणसें राहिलीं. त्यांत मेरी थॉमस नांवाची वेल्सहून आलेली एक बाई दोन लहान मुलींसह होती. तिनें आपल्या आठवणींचें पुस्तक पुढें १९७१ सालीं प्रसिद्ध केलें. तिच्यासारख्यांच्या सांगण्यावरून तंबूंतल्या संसाराचें जें चित्र मिळतें, तें केवळ दुःखाचें नाहीं. गाणीं आहेत, नाच आहेत, एकमेकींची भाषा येत नसतां शेजारधर्म आहे. २२ जानेवारी १९१४ रोजीं ट्रिनिडाडांत बायकांनीं मिरवणूक काढली. तिला अडवावयास आलेले सेनापति चेस घोड्यावरून खालीं पडले, बायका हंसल्या, आणि लगेच घोडदळ त्यांच्या अंगावर घालण्यांत आलें. हंसण्याची एवढी किंमत दुसऱ्या कोठें दिलेली आमच्या वाचनांत नाहीं.

आतां तळघरांविषयीं. खाणीचे पहारेकरी यंत्रबंदूक बसविलेली एक चिलखती मोटार घेऊन हिंडत, आणि तंबूंवर गोळ्या येत. कापडाच्या भिंतीला गोळी अडत नाहीं. तेव्हां ज्यांना जमीन खणण्याचीच विद्या अवगत होती, त्या पुरुषांनीं तंबूंच्या लांकडी तळाखालीं खड्डे खणले. खड्डा बायकामुलांसाठीं होता; एरवीं सामान ठेवावयाची जागा.

२० एप्रिल १९१४. आदल्या दिवशीं ग्रीकांचा ईस्टरचा सण मोठ्या आनंदांत झाला होता. सकाळीं संस्थानच्या सैन्यांत आणि संपवाल्यांत गोळीबार सुरू झाला, तो दिवसभर चालला. सायंकाळीं एक मालगाडी मध्यें येऊन उभी राहिली. तिच्या आडोशानें पुष्कळांना ओढ्याकडे पळतां आलें. मेरी पेत्रुच्ची या बाईचा तंबू रुळांच्या बाजूला अगदीं पहिला. तो पेटला तेव्हां ती तीन मुलांना घेऊन निघाली आणि मागच्या तंबूखालच्या तळघरांत शिरली. तेथें आणखी तीन बायका व आठ मुलें होतीं. वरचा तंबू पेटला, धूर आंत भरला. पहांटे मेरी शुद्धीवर आली. अकराही मुलें मेलीं होतीं, दोन बायका मेल्या होत्या. तिचीं तिन्हीं मुलें त्यांत होतीं. सर्वांत धाकटें सहा महिन्यांचें. संपवाल्यांचा पुढारी लुई टिकास यास सैन्यानें पकडून गोळ्या घातल्या, हेंही त्याच रात्रीचें.

यानंतर जो युक्तिवाद झाला, त्यासाठीं आम्ही ही हकीकत सांगतों. रॉकफेलर यांच्या बाजूनें असें मांडण्यांत आलें कीं, हीं माणसें कोणीं मारलीं नाहींत; स्वतः खणलेल्या कोंदट खड्ड्यांत दाटीवाटीनें बसल्यामुळें तीं गुदमरलीं. शब्दशः पाहतां यांत खोटें फारसें नाहीं. परंतु तीं त्या खड्ड्यांत कां बसलीं, हें त्यांत नाहीं. तें मेरी पेत्रुच्चीनें सरकारी आयोगापुढें सांगितलें. आग एका तंबूवरून दुसऱ्यावर सैनिकांनींच पसरविली, ही गोष्ट तर सैन्याच्या स्वतःच्या चौकशीमंडळालाही नाकारतां आली नाहीं.

संपवाले निष्पाप होते असें म्हणणें खरें होणार नाहीं. पुढचे दहा दिवस त्यांनीं खाणी जाळल्या, माणसें मारलीं. अध्यक्ष विल्सन यांनीं केंद्राचें सैन्य धाडलें तेव्हां तें थांबलें. डिसेंबरांत संप फसला. सैनिकांवर लष्करी न्यायालयांत खटले झाले आणि ते सुटले.

१९९७ पासून कांहीं वर्षें पुरातत्त्वज्ञांनीं ती जागा उकरली. जळक्या थरांत डबे, गुंड्या, मुलांचीं खेळणीं आणि तंबूंखालचीं तळघरें सांपडलीं. मजूरसंघानें १९१८ सालीं तेथें स्मारक उभारलें होतें : एक खाणकामगार आणि मूल घेतलेली बाई. २००३ सालीं कोणी अज्ञातांनीं त्या दोन्ही पुतळ्यांचीं डोकीं तोडून नेलीं. दोन वर्षांनीं तीं नवीं बसविण्यांत आलीं. स्मारकाशेजारीं तें तळघर आहे. आंतून सिमेंटानें बांधलेलें आहे, वर लोखंडी झांकण आहे, आणि तें उचलून पायऱ्यांनीं खालीं उतरतां येतें.