अवयव पाडण्याची कुळकथा

संजाणच्या शके ७९३ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाविषयी अशी हकीकत कोरलेली आहे की, प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट तोडून महालक्ष्मीच्या चरणी वाहिले. आणि ती महालक्ष्मी आमच्या करवीरचीच, असे अनेक संशोधकांचे मत असल्यामुळे कोल्हापूरकराला या राजाविषयी काहीसा घरोबा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु राजाचे बोट ध्यानात ठेवणाऱ्या आपल्या लोकांना, इसवी सन ८५० च्या सुमारास त्याच अमोघवर्षाचे गुणगान करून 'गणितसारसंग्रह' रचणारे महावीराचार्य मात्र फारसे ठाऊक नाहीत.

शाळेत ज्या लसाविने आपल्याला रडविले, त्याला हे आचार्य 'निरुद्ध' म्हणतात आणि अपूर्णांकांचे छेद सारखे करण्याच्या कामी लावतात. पण त्यांची खरी रसिकता गुणाकाराच्या प्रकरणात दिसते. १५२२०७ ला ७३ ने गुणावे, तो ११११११११ अशी आठ एकांची माळ हाती येते. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे, तो १२३४५६५४३२१ असा दोन्ही बाजूंनी सारखा वाचता येणारा कंठा तयार होतो. शिष्याच्या दृष्टीने हा गुणाकार खरा. परंतु रचणाऱ्याचा मार्ग उलट दिशेनेच गेला असला पाहिजे, अशी माझी समजूत आहे. त्या आठ एकांचे अवयव पाडले असता ११, ७३, १०१ आणि १३७ असे चार मणी सुटे होतात. त्यांतला ७३ बाजूस ठेवून उरलेले तिन्ही एकत्र ओवले की १५२२०७. दुसरा कंठा तर सहा एकांच्या संख्येचा, म्हणजे ११११११ चा, वर्ग आहे.

हा ग्रंथ १९१२ साली मद्रासेत रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह छापला गेला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून हिंदी अनुवादासह पुन्हा निघाला. त्या मालेच्या दोन प्रधान संपादकांपैकी एक होते आमच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये. गणित हा त्यांचा विषय नव्हे.

अवयवांचा व्यवहारातला उपयोग मात्र अधिक साधा. १२ ने गुणायचे तर आधी ३ ने आणि मग ४ ने गुणावे, ही 'लीलावती'तील युक्ती. आणि जुन्या रुपयाच्या १९२ पया असल्यामुळे तो तिघांत, चौघांत, सहांत वा आठांत वाटला तरी कसर उरत नसे. १९५७ च्या एप्रिलात शंभर नवे पैसे आले आणि तिघा भावांच्या वाटणीत एक पैसा उपरा ठरला.

१३५६ साली नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी'त या विद्येला 'भागादान' नावाचे स्वतंत्र प्रकरणच दिले. समजा, ११६१ चे अवयव हवेत. त्याहून मोठा लगतचा वर्ग ३५ चा, १२२५. वजाबाकी ६४, तोही वर्गच, ८ चा. मग ३५ मध्ये ८ मिळवून ४३ आणि वजा करून २७ : हेच अवयव. शाळेत अक्षरे मांडून घोकलेले दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र येथे अंकांच्या चाकरीस लागलेले दिसते. फ्रान्सात फर्माने हीच वाट धरली ती सतराव्या शतकात.

ज्या वाचकांना सवड असेल त्यांनी १००१ ही संख्या या रीतीने पाटीवर मांडून पाहावी. ३२ पासून आरंभ केल्यास ४५ पर्यंत धीर धरावा लागतो.