संदेशवहन-सुरक्षा : तारायंत्र ते इंटरनेट

पाठविलेला मजकूर योग्य व्यक्तीस अविकृत, गुप्त व वेळेवर मिळावा, यासाठी केलेली तांत्रिक व वैधानिक व्यवस्था म्हणजे संदेशवहन-सुरक्षा. इंटरनेटमुळे या विषयास विशेष महत्त्व आले असले, तरी भारतात त्याचा इतिहास तारायंत्राइतका जुना आहे.

जळगाव जिल्ह्यातील सावदा (ता. रावेर) या केळीच्या व्यापारकेंद्राच्या उदाहरणाने हा विषय स्पष्ट होतो. सावदा स्थानक भुसावळ–खांडवा लोहमार्गावर असून हा मार्ग १८६६ मध्ये खांडव्यास पोहोचला; १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता मार्ग सलग झाला. लोहमार्गालगत तारा असत. पुढील स्थानकाकडून मार्ग मोकळा असल्याचा संदेश आल्याखेरीज गाडी न सोडण्याची पद्धत पुढे रूढ झाली. साहजिकच चुकीचा संदेश म्हणजे अपघातास निमंत्रण ठरे. केळी हा नाशवंत माल असल्याने व्यापाऱ्यालाही वेळेवर मिळालेल्या वार्तेचे मोल मोठे.

तारेचा मजकूर कर्मचाऱ्यांना वाचता येई. म्हणून खर्च वाचविण्याबरोबरच गुप्ततेसाठीही व्यापारी जगतात सांकेतिक शब्दकोश वापरले जात. भारतीय तार अधिनियम, १८८५ यातील कलम २६ अन्वये तार-कर्मचाऱ्याने संदेशात फेरफार करणे वा तो फोडणे दंडनीय ठरले; मात्र कलम ५ अन्वये सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याचा अधिकार शासनाकडे राहिला. या अधिकारावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कार्यपद्धतीविषयक बंधने घातली आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तत्पूर्वीच, जुलै २०१३ मध्ये, सार्वजनिक तारसेवा बंद झाली होती.

भारतात जनतेसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. इंटरनेटची रचना परस्परविश्वासावर आधारलेली होती : कोणते पत्ते आपल्याकडून गाठता येतात हे प्रत्येक जाळे शेजारच्या जाळ्यांना कळविते व ती त्यावर विश्वास ठेवतात. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातील एका दूरध्वनी कंपनीने प्रसृत केलेल्या अशा चुकीच्या सूचनेमुळे यूट्यूब हे संकेतस्थळ जगभर काही काळ दुर्गम झाले. अशा सूचनांची सत्यता सांकेतिक स्वाक्षरीने पडताळण्याची पद्धत नंतर प्रसार पावली. संकेतनामांच्या मूळ सूचीवरही जुलै २०१० पासून अशी स्वाक्षरी आहे.

विश्वसनीयतेसाठी मात्र पर्यायी मार्ग लागतात. जानेवारी २००८ मध्ये भूमध्य समुद्रातील केबली तुटल्याने भारतातील सेवा विस्कळित झाली. देशांतर्गत वाहतूक परदेशातून फिरून येऊ नये म्हणून २००३ मध्ये राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्र, तर संगणकीय आपत्तींच्या निवारणासाठी २००४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय यंत्रणा स्थापन झाली. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून, खोट्या मान्यता-संदेशांच्या आधारे सु. ९४ कोटी रु. लुबाडण्यात आले. तारयुगातील स्थानकाप्रमाणे येथेही हानीचे कारण खऱ्या संदेशाप्रमाणेच स्वीकारला गेलेला खोटा संदेश हेच होते. आज केळीची विक्रीरक्कम बँकेमार्फत स्वीकारणारा सावद्याचा शेतकरी याच साखळीच्या टोकाशी आहे. तिचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या दुव्याइतकेच असते.