फोर्ट स्टिकिन

संस्थानी काळात सावंतवाडीचा माणूस मुंबईला निघाला की वेंगुर्ल्याला आगबोट धरी. मुंबईत कोकणच्या माणसाला गोदी परकी नव्हती. आपल्या कोकणी मुसलमानांपैकी कितीतरी जण सारंग, टंडेल, खलाशी म्हणून जहाजांवर होते. त्यामुळे फोर्ट स्टिकिनची हकिकत आपल्याही घरची आहे.

हे मालवाहू जहाज १९४२ साली कॅनडातील प्रिन्स रुपर्ट येथे बांधले गेले. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवीत होत्या, म्हणून एकाच नमुन्याची जहाजे घाईने बांधली जात. हे त्यांपैकीच एक, ७,१४२ टनांचे. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, लढाऊ विमाने आणि ३१ पेट्यांत सुमारे नऊ लाख पौंडांचे सोने. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, शिवाय तेलाची पिंपे भरली गेली. दारूगोळ्याशेजारी कापूस आणि तेल! कप्तान नेस्मिथला तेल नको होते, पण लढाईच्या दिवसांत जहाजात रिकामी जागा ठेवणे परवडणारे नव्हते.

१२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. धोक्याच्या मालाची खूण म्हणून लावायचे लाल निशाण त्यावर नव्हते. १४ एप्रिलला, जुम्म्याच्या दुपारी, दोन नंबरच्या फाळक्यातून धूर निघू लागला. बंबवाल्यांनी आत ९०० टनांहून अधिक पाणी सोडले. त्या पाण्यावर जळता कापूस तरंगत वर, दारूगोळ्याकडे गेला. जहाज बाहेर समुद्रात न्यावे की जागीच बुडवावे? गोदीत ते पुरते बुडेल इतके पाणीही नव्हते. हुकूम देऊ शकतील असे अधिकारी अनेक होते. अखेरचा शब्द मात्र कोणाचाच नव्हता. माझ्या मते विडी-सिगारेटच्या ठिणगीपेक्षा खरा घात इथे झाला.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चौतीस मिनिटांनी दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचे जहाज उचलून शेडवर फेकले गेले. जळता कापूस मांडवी, मस्जिद बंदरच्या वस्त्यांवर पडला आणि सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. नेस्मिथ मेला, सहासष्ट बंबवाले गेले. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. सरकारने वार्ताहरांना ती बाहेर पाठवू दिली मे महिन्यात.

मृतांचा अधिकृत आकडा सातशे-आठशेच्या घरात आहे. काहींच्या मते तो तेराशेपर्यंत जातो. पण रोजंदारीवरचा हमाल, धक्क्यावर झोपणारा बिगारी कोणत्या यादीत असणार? युद्धात बुडालेल्या खलाशांची नावे मस्जिद बंदरच्या खलाशीगृहातील नोंदवहीत आहेत. त्या वहीत कोकणातली मुसलमान नावे शोधायला आपल्या तरुणांनी एकदा जरूर जावे. मात्र ती वही जहाजांवरच्या माणसांची आहे, धक्क्यावरच्या हमालांची नाही. बंबवाल्यांची आठवण देशभर दर १४ एप्रिलला होते.

मलबा काढायला आठ हजार माणसे सात महिने राबली. सोन्याचा हिशेब मात्र त्यानंतरही चालू राहिला. १९७० च्या दशकातही गोदीतला गाळ उपसताना एखादी वीट हाती लागे, आणि ती ब्रिटिश सरकारकडे परत जाई.