सिरप आय.पी. ’६६

बी.फार्मच्या पहिल्या सत्रातल्या मुलांना प्रयोगशाळेत सुरुवातीलाच जी औषधं करायला सांगतात, त्यांतल्या एकात औषध नसतंच. ६६७ ग्रॅम साखर आणि एकूण वजन १,००० ग्रॅम भरेल इतकं शुद्ध पाणी, असं त्याचं प्रमाण. मंद आचेवर ढवळायचं, गाळायचं, वजन पुरं करायचं, बाटलीत भरून लेबल लावायचं. साखर याहून कमी पडली तर पाकात बुरशी धरते, जास्त झाली तर तळाशी खडे बसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावसारख्या गावात, उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. काहिलीतल्या रसाला चटका किती द्यायचा हे गुऱ्हाळावरच्या गुळव्याला जसं नजरेनं कळतं, तसंच हे. फरक एवढाच, की इथं नजरेच्या जागी तराजू आणि ग्रंथ आहे.

अभ्यासक्रमात या पाकाचं नाव ‘सिरप आय.पी. ’६६’. म्हणजे ‘इंडियन फार्माकोपिया’ या औषधांच्या प्रमाणग्रंथाच्या १९६६ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीतला पाक. पहिली आवृत्ती १९५५ची. त्याआधी इथले दवाखाने ब्रिटिश फार्माकोपियावर चालत. त्याच यादीत पुढं आयोडिनचं ल्युगॉल द्रावण, घशाला लावायचा मँडल्स पेंट, टर्पेंटाइनचं लिनिमेंट, कॅलामाइन लोशन अशी मंडळी येतात. ल्युगॉल हा फ्रेंच डॉक्टर, त्याचं द्रावण १८२९चं. आजच्या मेडिकल दुकानात यातलं फारसं काही कुणी हातानं बनवत नाही. तरी ते पहिल्या सत्रात टिकून आहे, कारण ही पदवी ज्या माणसाच्या टेबलावर जन्मली त्या माणसाचं हे रोजचं काम होतं. तो माणूस म्हणजे कंपाउंडर.

जुन्या दवाखान्यात डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि पडद्यामागं किंवा जाळीच्या खिडकीमागं कंपाउंडर ती वाचायचा. पेशंटनं बाटली घरून धुऊन आणायची. कंपाउंडर त्यात गुलाबी किंवा पिवळसर मिक्श्चर भरायचा आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचा. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही खाच कळत असे. खलात वाटलेल्या भुकटीच्या पुड्या बांधणं, मलम पाटीवर घोटणं, पोटाच्या तक्रारीवरचं कारमिनेटिव्ह मिक्श्चर आधीच करून ठेवणं, हे सगळं तो बघून बघून शिकलेला असे. चांगला कंपाउंडर अर्धा डॉक्टर समजला जाई. वाईट कंपाउंडरची चूक मात्र पेशंटच्या पोटात जाई.

या चुकीवर बोट ठेवायला सरकारला बराच वेळ लागला. मद्रास मेडिकल कॉलेजात १८६०च्या सुमारास औषध बनवण्याचे वर्ग सुरू झाले होते, पण ते दवाखान्यातल्या साहाय्यकांपुरते. बाजारात कुणीही औषध विकू शकत होतं. १९३० साली सरकारनं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. समितीनं देशभर फिरून पुढच्या वर्षी अहवाल दिला. बनावट आणि कमअस्सल औषधांचा सुळसुळाट झाला आहे, औषध हाताळणाऱ्यांच्या शिक्षणाची धड सोय नाही, हा त्याचा सारांश. औषधांवर केंद्रीय कायदा हवा आणि औषधं देणाऱ्यांची नोंदणी हवी, असं समितीनं सुचवलं.

कायद्याच्या आधी शिक्षण आलं. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आलेले महादेव लाल श्रॉफ पंडित मालवीयांच्या बनारस हिंदू विद्यापीठात दाखल झाले. तिथं १९३२ला औषधी रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात झाली आणि १९३७ला तीन वर्षांचा बी.फार्म अभ्यासक्रम उभा राहिला. देशातली ही या विषयाची पहिली पदवी. कंपाउंडरचं काम आता विद्यापीठाच्या इमारतीत शिरलं होतं.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, फार्मसी कायदा झाला. त्यातलं पहिल्या नोंदवहीचं कलम वाचण्यासारखं आहे. पदवी किंवा पदविका असलेल्याची नोंद होणारच, पण पाच वर्षं डॉक्टरच्या चिठ्ठीनुसार औषध बनवून देण्याचं काम केलेल्यालाही दार उघडं ठेवलं होतं. हजारो कंपाउंडरांना एका कायद्यानं बेकार करणं शक्यही नव्हतं आणि शहाणपणाचंही नव्हतं. मात्र हे दार कायमचं नव्हतं. १९४९ला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली, १९५३ला तिचे शिक्षणविषयक पहिले नियम आले आणि हळूहळू परीक्षेशिवाय आत जायची वाट बंद झाली.

महाराष्ट्रात या शिक्षणाला कारखाना आणि कॉलेज अशा दोन्ही बाजूंनी जोर मिळाला. १९५४ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. मुंबईत औषधशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९५७ला बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी काढलं. दुकानाच्या गल्ल्यामागं बसणारा आणि कारखान्यात टाक्यांवर देखरेख करणारा, दोघांची पदवी एकच राहिली. ही जोडगोळी आजही सुटलेली नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना सरकारी कॉलेज म्हणजे कराड. जागा मोजक्या, गुण भरपूर लागायचे. ज्याला तिथं जागा मिळाली नाही, त्यानं बी.एस्सी. धरावं नाहीतर शेती.

ही कोंडी फोडली ती सांगलीच्या एका मुख्यमंत्र्यानं. वसंतदादा पाटील यांनी १९८३ साली खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. त्यावर टीका झाली, देणग्यांच्या गोष्टी झाल्या, पण पश्चिम महाराष्ट्राचा नकाशा बदलला. साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या भोवती उभ्या राहिलेल्या शिक्षण संस्थांनी अभियांत्रिकीपाठोपाठ फार्मसीही उचलली. वारणेच्या काठावर वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचं फार्मसी कॉलेज आहे, खुद्द पेठ वडगावात अशोकराव माने कॉलेज ऑफ फार्मसी आहे, आणि त्याच शिक्षण मंडळाचं एक शेजारच्या अंबपला.

वडगावची ओळख याआधी निराळी होती. सेनापती धनाजी जाधव १७०८ साली इथं वारले. त्यांची समाधी गावात आहे. पंचक्रोशी इथल्या पेठेवर आणि आठवडी बाजारावर बाजारहाट करी. हिरडा, बेहडा, सुंठ, जायफळ हे औषधही तिथंच किराण्याच्या शेजारी मिळे. त्या गावात आता सकाळी पांढरे ॲप्रन घातलेली मुलं एसटीतून उतरतात. त्यांच्यात मुली मोठ्या संख्येनं असतात. घरापासून रोज जाऊन येऊन होण्यासारखं शिक्षण मिळालं, की मुलीला पाठवायला घरचे लवकर तयार होतात.

चार वर्षांत, आठ सत्रांत ही मुलं जे शिकतात ते कंपाउंडरच्या ओळखीपलीकडचं आहे. औषधी वनस्पतिशास्त्राच्या तासाला सिंकोना, दालचिनी, सोनामुखी, लवंग, बडीशेप, धने यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. फ्लोरोग्लुसिनॉल आणि आम्ल टाकलं की लाकडी पेशी लालगुलाबी होतात आणि दालचिनीच्या नावाखाली दुसरीच साल खपवली असेल तर तीही कापातल्या रचनेवरून पकडता येते. पेठेतल्या किराण्याचा माल इथं परीक्षेला बसतो. दुसऱ्या टेबलावर गोळी किती वेळात विरघळते, फिरत्या ड्रममध्ये आपटून तिचा किती भुगा होतो, याची मोजणी चालू असते.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेतून गेली. जुन्या पदवीधरांना बेडूक आठवतो. त्याच्या पोटाचा स्नायू द्रावणात टांगायचा, वर अॅसिटाइलकोलिनचे थेंब सोडायचे आणि काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या ड्रमवर स्नायूच्या आकुंचनाची रेघ उमटवायची. फार्मसी कौन्सिलच्या २०१४च्या नियमांनुसार बेतलेला, २०१७-१८ पासून लागू झालेला अभ्यासक्रम हे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवायला सांगतो. बेडूक वाचला; रेघ पुसली तर प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, ही धास्तीही गेली.

पदवी घेऊन बाहेर आल्यावर पुढं काय, याचं घरोघरी मिळणारं उत्तर असतं, ‘मेडिकल टाकायचं.’ दुकानाच्या परवान्यासाठी फार्मासिस्ट लागतो आणि चिठ्ठीवरचं औषध त्याच्या देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात अनेक दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं आणि माणूस दुसरीकडेच, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. २०१२च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी राज्यभर तपासण्या लावल्या, तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटना आणि प्रशासन यांच्यात मोठा संघर्ष झाला. २०१५ला आलेल्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर फार्मासिस्टनं पेशंटला औषधाची माहिती समजावून सांगितली पाहिजे, असं लिहून ठेवलं. खाच पाडलेली पट्टी जे काम मुक्यानं करायची, ते आता पदवीधरानं बोलून करायचं आहे.

कॉलेजांवर हुकूमत कुणाची, यावरही दिल्लीत दोन संस्था भांडत होत्या. अभियांत्रिकीसह सगळं तंत्रशिक्षण बघणारी एआयसीटीई की फार्मसी कौन्सिल? विदर्भातल्या एका शिक्षण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२०मध्ये कौन्सिलच्या बाजूनं निकाल दिला. त्याच कौन्सिलनं २०१९ला नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. ती बंदी मात्र सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०२२मध्ये टिकली नाही, आणि नव्या कॉलेजांना पुन्हा वाट मोकळी झाली. त्याच वर्षी पदविकाधारकांना नोंदणीआधी आणखी एक परीक्षा द्यायला लावणारे नियमही आले. बी.फार्मवाल्यांना ती परीक्षा लावलेली नाही.