आघाडीचा गडी कोलकात्यास निघाला तेव्हा

गोव्याच्या क्लबांनी एकेकाळी भारतीय फुटबॉलवर किती निर्विवाद सत्ता गाजविली, हे आजच्या तरुण वाचकास सांगू गेल्यास त्यास ती अतिशयोक्तीच वाटेल. २००७ साली राष्ट्रीय लीगचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. तेव्हापासून २०१३ पर्यंतच्या सहाही हंगामांत अजिंक्यपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपोने ते तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा जिंकले. आणि तरीही, याच वैभवाच्या वर्षांत फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या आमच्या माणसास दर उन्हाळ्यात एकच धास्ती असे: आपला गोल मारणारा गडी यंदा कोलकात्यास जातो की काय?

ही धास्ती अगदीच निराधार नव्हती. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांपाशी लाखांनी मोजावा असा चाहतावर्ग आणि त्यामागून येणारा पैसा. तिकडे खेळाडूंच्या या स्थलांतरास ‘दलबदल’ म्हणतात, व एकेकाळी त्या दिवसांत प्रतिस्पर्ध्याने पळवू नये म्हणून खेळाडूंना चक्क लपवून ठेवीत. गोव्यात असा थाट नव्हता. येथे क्लब म्हणजे एखाद्या उद्योगी घराण्याची हौस, आणि चाहता म्हणजे फेस्ताच्या दिवशी गावच्या मैदानावर सामना पाहून मोठा झालेला माणूस. गावचा पोर शेजारच्या वाड्याकडून खेळला तरी वर्षभर अबोला धरणारी ही मंडळी; मग ज्याच्यावर अवघा हंगाम उभा, त्याच्या जाण्याची नुसती कुणकुण त्यांस कशी सोसावी?

त्या काळी असे गडी दोन होते, आणि दोघेही नायजेरियाचे. धेंपोचा रँटी मार्टिन्स २००४ साली आला, चर्चिलचा ओडाफा ओकोली त्याच्या पाठोपाठ. ओडाफाने २००६-०७ पासून सलग चार हंगाम सर्वाधिक गोलांचा मान राखिला. २००८-०९ मध्ये त्याचे २६ गोल झाले व चर्चिलने पहिले अजिंक्यपद मिळविले. अंगाने दणकट, आणि गोलासमोर चेंडू मिळाला की चुकणे ठाऊक नसलेला. रँटीचे मोल निराळे होते. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा अशा गोमंतकीय खेळाडूंचा जो एकजीव संघ घडला, त्याचे टोक रँटी होता. २०११-१२ च्या हंगामात त्याने ३२ गोल केले. आम्हांस विचाराल तर आमचे मन रँटीकडेच झुकते. चर्चिलचे चाहते रागावतील, त्यास इलाज नाही.

अखेर जे भय होते तेच घडले. २०११ मध्ये ओडाफा मोहन बागानकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी, धेंपोस पाचवे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देऊन, रँटी कोलकात्याच्याच प्रयाग युनायटेडकडे. पण पुढे घडलेले पाहण्यासारखे आहे. ओडाफाविना चर्चिलने २०१२-१३ चे अजिंक्यपद जिंकले. ओडाफास मात्र मोहन बागानमध्ये असताना आय-लीग लाभली नाही. ९ डिसेंबर २०१२ च्या ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात त्यास लाल कार्ड मिळाले व मध्यंतरानंतर त्याचा संघ मैदानावर उतरलाच नाही. रँटीने गोल करणे सोडले नाही, परंतु धेंपोस राष्ट्रीय अजिंक्यपद त्यानंतर मिळाले नाही.

हे रँटी गेल्यामुळेच झाले, असे म्हणणारे आजही भेटतात. आम्हांस ते पटत नाही. रँटी गेला त्याच वर्षी, २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, प्रथम राज्य सरकारने व मग सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. धेंपो आणि साळगावकर ही घराणी खाणींवर वाढलेली. फुटबॉलची हौस त्याच लाल मातीवर पोसली गेली होती. पुढे २०१४ साली इंडियन सुपर लीग आली, आणि पैसा, दूरचित्रवाणी व लोकांचे डोळे तिकडे वळले. ज्या दाराशी आमचे चाहते पहारा देत उभे होते, त्या दाराने एक-दोन माणसे गेली. घर रिकामे झाले ते मागच्या दाराने.

२०१५ मध्ये धेंपोची खालच्या श्रेणीत घसरण झाली. ती श्रेणी जिंकून तो क्लब परतण्यास पात्र ठरला, तोच २०१६ साली धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. ओडाफा त्याआधीच, २०१४ मध्ये, गोव्यास परतला होता. पण तो स्पोर्टिंगचा सदरा घालून. धेंपोचा क्लब पुन्हा आय-लीगमध्ये चढून आला तो २०२४ साली.